आधी असई खेळू द्या

माननीय उद्योगमंत्री, महाराष्ट्र शासन, यांना खुले पत्र

महोदय,



अंबरनाथच्या मोरिवलीत आपल्याच खात्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. तिथल्या रसायनांच्या कारखान्यांत एक रिवाज शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना पाठ असतो: आधी सॅम्पल, मग ऑर्डर. खरेदीदाराच्या प्रयोगशाळेत सॅम्पल पास झाले नाही, तर टँकर भरत नाही. सॅम्पल फुकट गेले म्हणून कोणी कुरकुरत नाही. कुरकुर होते ती वेगळ्याच कारणाने. सॅम्पल एका बॅचचे आणि माल दुसऱ्या बॅचचा निघाला की मग फोन खणखणू लागतात.

हा रिवाज संगणकावरच्या युद्धखेळांना लावावा की नाही, यावर त्या धंद्यातली माणसे कितीतरी वर्षे भांडत आली आहेत. वॉरगेमचा एखादा तुकडा, म्हणजे डेमो, फुकट खेळायला दिला तर खप वाढतो की घटतो? मंत्रालयापर्यंत पोहोचावा असा हा प्रश्न वरकरणी दिसत नाही. पण सप्टेंबर 2025 पासून तो तिथे पोहोचला आहे. ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्स्टेंडेड रिॲलिटी या क्षेत्रांसाठीचे धोरण राज्य मंत्रिमंडळाने तेव्हा मंजूर केले. 2050 पर्यंतचा 3,268 कोटी रुपयांचा आराखडा त्यात आहे. त्याच्या महिनाभर आधी संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला होता. गेमिंग म्हणजे रमी आणि सट्टा, हा समज दिल्लीने पुसायला घेतला आणि खऱ्या खेळांसाठी मुंबईने तिजोरी उघडली, असा हा योग. या पैशातून उद्या कोणी पालखेड, पानिपत किंवा असईचा वॉरगेम करायला निघेल. निघेलच, इतिहासावरून इतके भांडणाऱ्या प्रांतात कोणी निघाले नाही तरच नवल. तेव्हा त्या निर्मात्याकडून सरकारने काय मागावे, एवढ्याचसाठी हे पत्र.

वॉरगेम म्हणजे लोकलच्या डब्यात मोबाइलवर चाललेला धडाधड गोळीबार नव्हे, हे आधी सांगायला हवे. बीजीएमआय किंवा पुण्याच्या सुपरगेमिंगने 2024 मध्ये आणलेला ‘इंडस’ हे खेळ मुळातच फुकट असतात. कमाई होते ती आत विकल्या जाणाऱ्या पोशाखांतून आणि सजावटीतून. तिथे अख्खा खेळच सॅम्पल आहे, त्यामुळे डेमोचा प्रश्नच उरत नाही. वॉरगेमचा संसार वेगळा. षटकोनी घरांचा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, प्रत्येकाचा दारूगोळा, रसद, थकवा आणि धीर, वर हवामान, आणि सोबत जाडजूड नियमपुस्तक. तो एकदाच पैसे मोजून विकत घ्यायचा असतो. गिऱ्हाईक थोडे, चिकित्सक आणि बहुतेकदा इतिहासाची दोन पुस्तके जास्तच वाचलेले. नकाशावर नदी चुकीच्या बाजूने वाहताना दिसली तर ते खेळ बंद करून निर्मात्याला पत्र लिहायला बसते.

फुकट वाटून पैसा मिळवता येतो, हे सर्वांत ठळकपणे ‘डूम’ने दाखवले. 10 डिसेंबर 1993 रोजी इड सॉफ्टवेअरने या खेळाच्या तीन भागांपैकी पहिला भाग मोकळा सोडला. कॉपी करा, मित्राला द्या, कोणाची ना नाही. पुढचे दोन भाग हवे असतील तर मात्र पैसे पाठवा. ही युक्ती इडची स्वतःची नव्हती. अपोजी या कंपनीच्या स्कॉट मिलर यांनी ती 1987 मध्ये ‘क्रोझ’ या साध्यासुध्या, अक्षरांनी रंगवलेल्या खेळावर आजमावली होती. तिचे मर्म असे की फुकटचा भाग तोकडा नसे. त्याला आरंभ होता, शेवट होता, आणि तो संपताना पुढचे दार किलकिले झालेले असे. दिवाळी अंकात कादंबरीचे प्रकरण छापताना जाणता संपादक नेमके हेच बघतो.

मग वीस वर्षांनी उलटा सूर लागला. फेब्रुवारी 2013 मध्ये लास व्हेगासच्या डाइस संमेलनात जेसी शेल या खेळरचनाकाराने एक आलेख पडद्यावर लावला. एक्सबॉक्स 360 वरच्या खेळांच्या विक्रीचे आकडे होते. ज्या खेळांचा ट्रेलर आला पण डेमो आला नाही, ते सर्वांत जास्त विकले गेले. ट्रेलर आणि डेमो दोन्ही असलेल्यांचा खप त्याच्या जवळपास निम्मा. डेमो करायचा कंटाळा असलेल्या प्रत्येक कंपनीला या आलेखाने निमित्त पुरवले, आणि आजही ‘डेमोने खप निम्मा होतो’ हे वाक्य वेदवाक्यासारखे फेकले जाते.

त्या आलेखाला एक साधी शंका विचारता येते. डेमोशिवाय बाजारात उतरण्याची हिंमत कोणात असते? ज्याच्या जाहिरातीचे फलक शहराच्या नाक्यानाक्यावर लागलेले असतात त्याच्यात. म्हणजे डेमो नव्हता म्हणून खप झाला, की खप होणारच होता म्हणून डेमोची गरज वाटली नाही? कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल आकडेवारीत नेहमीच होते. तरीही शेल यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ट्रेलर भूक लावतो आणि डेमो ती भागवतो. पळापळीच्या खेळात पंधरा मिनिटांत हाताला चव कळते, आणि कित्येकांना तेवढ्यानेच पोट भरल्यासारखे वाटते.

वॉरगेमचे मात्र पंधरा मिनिटांत काहीच कळत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत खेळाडू कुठले बटण कशाचे हे शोधत असतो. आणि ट्रेलरने तरी काय दाखवावे? षटकोनावरून षटकोनावर सरकणारा ठोकळा पाहून कोणाच्या अंगावर काटा येत नाही. म्हणजे शेल यांनी ज्या दोन गोष्टींची तुलना केली, त्यातली एक वॉरगेमच्या हातात मुळातच नाही. गिऱ्हाइकाचे प्रश्नही निराळे. संगणकाचा सेनापती अक्कल चालवतो की नुसता चाल करून येतो? रसद तोडली तर शत्रू खरोखर उपाशी मरतो, की फक्त पडद्यावर लाल खूण उमटते? नियम आपल्याच्याने शिकून होतील का? एक संध्याकाळ खेळल्याशिवाय या तिन्हींचे उत्तर मिळत नाही.

‘आता परतावा मिळतो, डेमो कशाला?’ असे यावर म्हटले जाते. स्टीम या ऑनलाइन दुकानाने जून 2015 मध्ये नियम केला: खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असाल तर पैसे परत. गोळीबाराच्या खेळाला दोन तास पुष्कळ झाले. वॉरगेमचे दोन तास शिकवणीच्या पहिल्या दोन धड्यांत जातात. खेळ पडद्यावर उघडा ठेवून नियमपुस्तक चाळले, तरी घड्याळ चालूच असते. नियमपुस्तक वाचणाऱ्या गिऱ्हाइकालाच दंड करणारा हा परतावा आहे.

डेमोने तारल्याचे सर्वांत चांगले उदाहरण ‘कॉम्बॅट मिशन’चे. चार्ल्स मॉयलन यांचा हा खेळ 2000 मध्ये बॅटलफ्रंट या नव्या कंपनीने काढला. दुकानांच्या फळीवर ठेवायचाच नाही, थेट आपल्या संकेतस्थळावरून विकायचा, असे त्यांनी ठरवले होते. त्यातली पद्धतही तेव्हा अनोळखी होती. दोन्ही बाजूंनी आधी हुकूम द्यायचे, मग साठ सेकंदांची लढाई दोघांची एकदमच पुढे सरकते, आणि त्या मिनिटभरात कोणालाही हात घालता येत नाही. आपण पाठवलेला रणगाडा उघड्यावर जातो आहे हे दिसते, पण थांबवता येत नाही. हे कागदावर कितीही समजावले तरी कोरडेच वाटते. मोजक्या लढायांचा डेमो मात्र खेळाच्या आधी, 1999 मध्येच लोकांच्या हाती पडला, आणि ज्याने ते एक मिनिट श्वास रोखून पाहिले त्याला आणखी काही सांगावे लागले नाही. दुकान नसलेल्या कंपनीची डेमो हीच दर्शनी बाजू होती. पुढे 2002 मध्ये रशियन आघाडीचा आणि 2003 मध्ये आफ्रिकेचा असे त्याचे पुढले खेळही निघाले.

मॅट्रिक्स गेम्स तर आणखी पुढे गेली. गॅरी ग्रिग्स्बी यांच्या 1995 च्या ‘स्टील पँथर्स’ची सुधारलेली आवृत्ती या कंपनीने 2000 मध्ये अख्खी फुकट वाटली. विकल्या त्या तिच्यावरच्या मोठ्या मोहिमा. पुढे याच कंपनीने ग्रिग्स्बी यांचाच 1941 ते 45 ची सारी पूर्व आघाडी आठवड्या-आठवड्याने खेळायला लावणारा ‘वॉर इन द ईस्ट’ 2010 मध्ये भारी किमतीला बाजारात आणला. फुकटच्या खेळाने जे नाव कमावले, त्याच्या भरवशावरच अशी महागडी वस्तू विकता येते.

क्रोएशियातल्या ‘युनिटी ऑफ कमांड’ची गोष्ट लहान पण बोलकी आहे. 2011 मध्ये आलेला हा स्टालिनग्राडच्या मोहिमेवरचा खेळ तोमिस्लाव उझेलाक आणि त्यांच्या छोट्या चमूने केला. एमपी3 गाणी संगणकावर वाजवणारा सुरुवातीचा एक प्रोग्राम लिहिणारे ते हेच उझेलाक. त्यांच्या खेळाचा जीव रसदीत आहे. रेल्वेमार्ग तोडला की पुढची फौज दोन-तीन डावांत लुळी पडते. डेमोत एवढे कळले की बाकी खेळ आपोआप कळतो.

आता उलट बाजू, कारण ती खरी आहे. वॉरगेमचा डेमो धोक्याचाच असतो, पण शेल म्हणतात त्या कारणाने नाही. पळापळीचा टप्पा एकदा पार केला की संपला. वॉरगेममधली एकच चांगली लढाई मात्र माणूस वर्षभर खेळू शकतो: कधी या बाजूने, कधी त्या बाजूने, कधी डावी फळी पुढे काढून, कधी उजवी. निर्मात्याने आपली सर्वांत श्रीमंत लढाई डेमोत घातली, तर तोच डेमो त्याचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी होऊन बसतो. दुसरा धोका आळसाचा. डेमो जुन्या आवृत्तीवर बेतलेला असतो, खेळ पुढे दहादा दुरुस्त होतो, आणि सॅम्पल मात्र तेच शिळे. तिसरी गोष्ट खर्चाची. दोन-तीन माणसांच्या स्टुडिओत डेमोसाठी गेलेले आठवडे मूळ खेळातून कापले जातात.

सॅम्पल आणि माल यांच्या फारकतीचे सर्वांत मराठी उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा क्रिएटिव्ह असेंब्लीचा खेळ मार्च 2009 मध्ये आला. 1700 सालापासून सुरू होणाऱ्या या खेळात मराठा राज्य घेऊन खेळता येते. म्हणजे राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली त्या वर्षापासून. पुण्यापासून डोंबिवलीपर्यंत कितीतरी पोरांनी त्यात दिल्ली घेतली, आणि काहींनी तर लंडनही. फेब्रुवारीतल्या डेमोत मात्र दोनच लढाया होत्या: अमेरिकेतली ब्रँडीवाइन आणि समुद्रावरची लागोस. दोन्ही देखण्या. ज्या नकाशावर राज्य चालवायचे, तह करायचे, आरमार पाठवायचे, त्याचा मागमूस नव्हता. आणि खेळ हाती आल्यावर दुखणे निघाले ते नेमके तिथेच. संगणकाच्या ताब्यातली राष्ट्रे सुरुवातीला समुद्रापलीकडे फौजच उतरवत नव्हती. बसलेल्या बेटावर बसून राहायची. पुढच्या दुरुस्त्यांत ते सुधारले. ब्रिटनला आक्रमणाची भीती नाही असा अठराव्या शतकाचा खेळ विकला गेला, आणि डेमो खेळलेल्या माणसाला त्याची शंकाही आली नव्हती.

भारतात डेमोचा इतिहास थोडा विनोदी आहे. मुंबईतून निघणाऱ्या ‘चिप’ मासिकासोबत आणि 2001 पासून त्याच्या जागी आलेल्या ‘डिजिट’सोबत सीडी यायची, आणि तीत डेमो असायचे. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून रांगत यायचे. रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर मिळणारी ती चकतीच अंबरनाथ-बदलापूरच्या मुलांची परदेशी बाजारपेठ होती. डेमो आवडला की पुढे काय? अस्सल खेळ गावात मिळत नसे आणि मिळाला तर त्याची किंमत ऐकून बाप उठून जाई. मग नकली सीडीसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड. नाहीतर त्याहून जवळ, कल्याणच्या पुढे उल्हासनगरला, जिथल्या ‘मेड इन यूएसए’ शिक्क्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावण्याची थट्टा तिथलेच लोक हसत सांगतात. डेमोने मागणी तयार केली आणि ती नकलेने भागवली. त्या काळात आपल्याकडे डेमोने खप वाढवलाच. फक्त तो निर्मात्याचा नव्हता. दुकान हाताशी नसेल तर सॅम्पल वाटून भलत्याचेच भले होते. नोव्हेंबर 2015 मध्ये स्टीमने रुपयांत किमती लावल्या तेव्हा कुठे डेमो आणि दुकान एकाच पडद्यावर आले. जुलै 2024 पासून तर डेमोला तिथे स्वतःचे पान आणि स्वतःचे अभिप्रायही मिळू लागले.

महाराष्ट्रातल्या निर्मात्यांना डेमो नवा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ या खेळासाठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर 1,20,000 पौंडांची लोकवर्गणी मागितली, सोबत खेळायला डेमो दिला, आणि मोहीम फसली. लोकवर्गणीचा पैसा डेमो मिळवून देऊ शकला नाही. पण खेळ 2020 मध्ये पुरा झाला, निंटेंडो स्विचवर आला, आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी नामांकित झाला. ‘राजी’ वॉरगेम नाही, देवादिकांच्या जगातली साहसकथा आहे. तरी एक गोष्ट त्यावरून दिसते: डेमो ताबडतोब पैसे देत नाही. सरकारी मदतीचे काम नेमके इथे सुरू होते.

मराठी वॉरगेमचा डेमो मग कोणत्या लढाईचा असावा? मोह पानिपताचा होणार. तो टाळावा. पानिपत हे 14 जानेवारी 1761 चे एका दिवसाचे प्रकरण नाही. ऑक्टोबर 1760 मध्ये कुंजपुऱ्याची धान्याची कोठारे हाती लागणे, मग अब्दालीने यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडवणे, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले जाणे, आणि तोवर छावणीतली उपासमार, ही सगळी साखळी खेळल्याशिवाय शेवटच्या दिवसाला अर्थ येत नाही. तो ऐवज पैसे मोजणाऱ्यासाठी राखून ठेवावा. नुसता अखेरचा दिवस डेमोत घालणारा निर्माता इतिहासही गमावेल आणि गिऱ्हाईकही.

असई मात्र डेमोसाठीच घडली असावी अशी आहे. 23 सप्टेंबर 1803, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. एका दुपारचा मामला. शिंदे-भोसल्यांची फौज संख्येने कितीतरी मोठी, पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पलटणी आणि जबरदस्त तोफखाना. समोर इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, थोडक्या फौजेनिशी. वाटाड्यांनी सांगितले, पुढे नदीला उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली आणि त्याने ताडले की इतक्या जवळ गावे असतील तर मध्ये पायउतार असणारच. तिथून तो पार झाला. पोलमननेही पलटणींचे तोंड झटपट वळवून नवी फळी धरली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण त्यांची दीड हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा जखमी झाली, आणि ती मुख्यतः मराठ्यांच्या तोफांनी. खेळाडूला पोलमनच्या जागी बसवावे. उतारावर पहारा ठेवायचा की फळी रुंद करायची, एवढा एकच प्रश्न त्याच्यापुढे टाकावा. तोफांना पल्ला आहे का, पलटणीला वळायला वेळ लागतो का, धीर कधी सुटतो, हे खेळाचे सगळे यंत्र एका संध्याकाळात उघड होते. आणि ती संध्याकाळ संपली की खेळाडूला राज्य हवेसे वाटते, मोहीम हवीशी वाटते. ती विकत घ्यावी लागेल.

म्हणून विनंती अशी. धोरणातून एखाद्या खेळाला अनुदान द्याल तेव्हा ट्रेलरवर समाधान मानू नका. ट्रेलर समारंभात टाळ्या घेतो. त्यात यंत्र दिसत नाही. मदतीचा पुढचा हप्ता देण्याआधी जनतेला खेळता येईल असा डेमो मागा, आणि त्याचा खर्च मूळ खेळाच्या पैशातून न कापता वेगळा धरा. डेमो विक्रीच्या खेळाच्याच यंत्रावर चालला पाहिजे, खेळ दुरुस्त होईल तसा तोही दुरुस्त झाला पाहिजे, आणि विक्री सुरू झाल्यावर तो दुकानातून उचलला जाता कामा नये, अशी अट घाला. मराठी इतिहासावरचा खेळ असेल तर त्याचे नियम आणि शिकवणी मराठीत हवी, हीसुद्धा. अधिकाऱ्यांच्या समितीने तो डेमो खेळून पाहावा. नाही जमले तर अंबरनाथ, उल्हासनगर किंवा बदलापूरच्या एखाद्या महाविद्यालयात चार संगणकांवर लावून द्यावा. तिथली पोरे दोन दिवसांत लेखी सांगतील की नदी कुठे चुकली आहे.

कळावे.